अंगाने बारीक, मग शुगर कशी? पुण्याजवळच्या सहा गावांनी शोधायला मदत केलेलं उत्तर

दुधनी (जि. सोलापूर) : बाजार समितीत तुरीचं पोतं काट्यावर चढलं की वजन कळतं. पण नुसत्या वजनावर भाव ठरत नाही. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर दाणे काढले जातात. ओलावा किती, काडीकचरा किती, दाणा भरलेला की पोचट, वाण कोणतं हे पाहिलं जातं. मगच बोली लागते.

माणसाच्या शरीराबाबत मात्र आपण काट्यावरच थांबतो. "एवढा वाळलाय, ह्याला कसली आलीय शुगर?" हे वाक्य अक्कलकोट तालुक्यातच नाही, राज्यात कुठेही ऐकायला मिळेल.

समजा, एक चाळिशीतला माणूस आहे. उंची पाच फूट पाच इंच, वजन ५६ किलो. दिवसभर उभ्याने काम, खाणं ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, शेंगा चटणी. पायाची जखम भरत नाही म्हणून तो दवाखान्यात जातो आणि उपाशीपोटी साखर निघते १८०. घरचे म्हणतात, लॅबचं काहीतरी चुकलं असेल.

बहुतेक वेळा लॅब चुकलेली नसते. चुकलेली असते ती "जाड तोच आजारी" ही आपली समजूत. ही समजूत का चुकते, याचा शोध गेली ३० वर्षं पुण्यात सुरू आहे. त्यासाठी शास्त्रज्ञांनी शरीर तीन प्रकारे तपासलं: प्रतिमा घेऊन, रक्तातली रसायनं मोजून आणि जनुकं वाचून. ते संशोधन काय आहे आणि दुधनीसारख्या गावातल्या घराला त्याचा काय उपयोग, ते समजून घेऊ.

प्रश्न किती मोठा आहे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १०.१ कोटी रुग्ण आहेत. आणखी १३.६ कोटी लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर, म्हणजे ‘प्री-डायबेटीस’ अवस्थेत आहेत.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांतला टाइप २ मधुमेहाचा रुग्ण साधारण पन्नाशीपुढचा आणि लठ्ठ असतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक १९८० च्या दशकात रुग्ण तपासत होते, तेव्हा समोर येणारी माणसं या वर्णनात बसत नव्हती. ती वयाने लहान होती आणि अंगाने बरीच बारीक.

दोन डॉक्टर, एकच बीएमआय

हा विरोधाभास दाखवणारा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी: पुण्याचे याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा आकडा म्हणजे बीएमआय. दोघांचाही बीएमआय नेमका २२.३ होता, म्हणजे काट्याच्या हिशेबाने दोघं सारखेच.

मग दोघांच्या शरीरातली चरबी मोजली. युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोन्ही आडनावं इंग्रजीत ‘वाय’ने सुरू होतात, म्हणून याला ‘वाय-वाय पॅराडॉक्स’ हे नाव पडलं.

या दोघांनी फोटोखाली एक मिश्कील कबुलीही दिली होती. युडकिन संधी मिळेल तेव्हा मॅरेथॉन धावतात आणि याज्ञिक यांचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत ते गाठणं! म्हणजे फरकाचा काही भाग सवयीचा होता. पण सगळाच सवयीचा असेल का? हे पाहायचं तर ज्यांना अजून कसलीच सवय लागलेली नाही, अशी माणसं तपासायला हवीत. म्हणजे नुकतीच जन्मलेली बाळं.

सहा गावं आणि १९९३ साल

पुण्यापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या सहा गावांमध्ये १९९३ मध्ये ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाला. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रासोबत इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधले संशोधक होते. गर्भातल्या पोषणाचा मोठेपणीच्या आजारांशी संबंध असतो, ही मांडणी करणारे डेव्हिड बार्कर तिथलेच.

या अभ्यासाचं वेगळेपण असं की, बाईला दिवस जाण्याआधीपासून नोंदी सुरू झाल्या. तिचं वजन, उंची, खाणं, शेतातलं आणि घरातलं काम, गरोदरपणातली सोनोग्राफी, रक्त आणि मग बाळ. गावातल्या महिलांची गरोदरपणाआधीची सरासरी उंची १५२ सेंटिमीटर होती, वजन सुमारे ४२ किलो आणि बीएमआय १८ च्या आसपास. म्हणजे आई बारीकच.

बाळंही लहान होती. पूर्ण दिवसांच्या बाळाचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. साउदॅम्प्टनमध्ये तेच वजन ३.५ किलो होतं.

आता खरा मुद्दा. ८०० ग्रॅमची ही तूट शरीरात सगळीकडे सारखी पडली होती का? संशोधकांनी चिमट्यासारख्या उपकरणाने बाळाच्या त्वचेची घडी मोजली. पोट आणि दंड इंग्लंडच्या बाळांच्या मानाने फारच लहान होते. म्हणजे स्नायू आणि पोटातले अवयव कमी वाढले होते. पण खांद्याच्या पात्याखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. अशा बाळाला संशोधकांनी ‘थिन-फॅट’ म्हटलं: दिसायला बारीक, आत चरबी राखून असलेलं.

आपल्याकडे दुष्काळी साल असलं की घर जसं खर्च आवरतं, तसंच इथे झालेलं दिसतं. गर्भाला पोषण कमी मिळालं, तेव्हा मेंदूचा वाटा शक्यतो वाचवला गेला, चरबीची शिल्लक राखली गेली आणि कात्री लागली ती स्नायूंना व इतर अवयवांना. यातले स्नायू महत्त्वाचे, कारण जेवणानंतर रक्तातली साखर सर्वाधिक तेच खेचून घेतात.

पहिली तपासणी : आतलं चित्र

त्वचेची घडी मोजून वरवरची चरबी कळते. पोटाच्या आत, अवयवांभोवती काय आहे ते दिसत नाही. तिथे प्रतिमा घेणारी यंत्रं लागतात.

*डेक्सा :* हाडं किती ठिसूळ झाली हे पाहायला हे यंत्र वापरतात, ते अनेकांना माहीत असेल. त्यात दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे सौम्य क्ष-किरण शरीरातून जातात. हाड, स्नायू आणि चरबी हे किरण वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात. त्यावरून शरीरात कशाचं प्रमाण किती, याचा हिशेब लागतो. सहा गावांतल्या मुलांची चरबी सहाव्या वर्षी याच यंत्राने मोजली गेली.

*एमआरआय :* यात क्ष-किरण नसतात, चुंबक असतं. पाण्यातला आणि चरबीतला हायड्रोजन चुंबकीय क्षेत्रात वेगळा प्रतिसाद देतो, त्यामुळे चरबी कुठे साठली आहे ते वेगळं दिसतं. पुणे आणि लंडनमधल्या नवजात बाळांच्या पूर्ण शरीराच्या एमआरआयची तुलना २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुण्याची बाळं लहान असूनही त्यांच्यातली एकूण चरबी लंडनच्या बाळांएवढीच होती आणि पोटाच्या भागात तर ती जास्त होती.

पोटातली चरबी ही निवांत पडून राहिलेली साठवण नसते. ती यकृताला आणि स्नायूंना सतत रासायनिक संदेश पाठवते, त्यामुळे इन्सुलिनचा परिणाम कमी होत जातो. म्हणून दोन माणसांचं वजन सारखं असलं, तरी धोका सारखा नसतो.

दुसरी तपासणी : रक्त काय सांगतं?

चित्रावरून चरबी *कुठे* आहे ते कळलं. ती तशी *का* जमली, याचा माग रक्तात लागला.

आधी बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं गेलं. पुण्याच्या बाळांचं वजन कमी, पण इन्सुलिन लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा जास्त. म्हणजे शरीरातला हा बदल जन्माच्या आधीच सुरू झालेला होता.

मग संशोधक गरोदरपणात घेऊन गोठवून ठेवलेल्या आईच्या रक्ताकडे वळले. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्यातल्या नमुन्यांत ६० टक्क्यांहून जास्त महिलांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व मात्र फक्त एकाच महिलेत कमी होतं.

या दोन जीवनसत्त्वांची जोडी आहे. रक्तात होमोसिस्टीन नावाचा एक पदार्थ तयार होत असतो. ब-१२ आणि फोलेट दोघं मिळून त्याचं उपयोगी पदार्थात रूपांतर करतात. याच कामातून पुढे डीएनएवर छोट्या रासायनिक खुणा बसवण्याचा माल मिळतो. कोणतं जनुक चालू राहील आणि कोणतं गप्प बसेल, हे या खुणा ठरवतात. जोडीतला एक गडी गैरहजर असेल, तर काम अडतं आणि होमोसिस्टीन साचतं.

मुलं सहा वर्षांची झाल्यावर आईच्या जुन्या रक्ताचे आकडे मुलांच्या तपासणीशी ताडून पाहिले. आईच्या रक्तात फोलेट जास्त असेल, तर मुलात चरबी जास्त होती. आणि आईचं ब-१२ कमी पण फोलेट जास्त, अशा मुलांच्या शरीरात इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वाधिक होतं. हा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला.

*इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या.* याचा अर्थ गरोदरपणातल्या लोह व फॉलिक अ‍ॅसिडच्या सरकारी गोळ्या बंद करायच्या, असा अजिबात नाही. फॉलिक अ‍ॅसिडमुळे बाळाच्या मणक्यातलं आणि मेंदूतलं गंभीर व्यंग टळतं. गोळी घ्यायचीच. मुद्दा एवढाच की त्या गोळीत ब-१२ नसतं, ते वेगळं मिळायला हवं.

तिसरी तपासणी : जनुकांची साक्ष

कोणीही शंका घेईल: ज्या घरात ब-१२ कमी, त्या घरात दूधदुभतं कमी, पैसा कमी, कष्ट जास्त. मग बाळ लहान झालं ते ब-१२ मुळे की गरिबीमुळे? दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण असते असं नाही.

ही गाठ सोडवायला जनुकं कामी आली. ‘एमटीएचएफआर’ नावाच्या जनुकाचं एक रूप असं आहे की ते असलेल्या व्यक्तीत होमोसिस्टीन थोडं जास्त राहतं. हे रूप कुणाच्या वाट्याला येईल हे गर्भधारणेच्या क्षणी ठरतं, चिठ्ठी काढल्यासारखं. घरात किती एकर जमीन आहे, बाई किती शिकली आहे, याच्याशी त्याचा संबंध नसतो.

म्हणून संशोधकांनी उलटा प्रश्न विचारला. ज्या आयांना ही चिठ्ठी लागली, त्यांची बाळं सरासरीने हलकी आहेत का? पुणे आणि म्हैसूर इथल्या अभ्यासांतल्या माता-बालकांवरून २०१४ मध्ये उत्तर आलं: हो. गरिबी-श्रीमंतीचा घोळ बाजूला काढल्यावरही होमोसिस्टीन आणि बाळाचं वजन यांचं नातं टिकलं. म्हणजे हा केवळ योगायोग नसून कारण असावं, याकडे पुरावा झुकला.

जनुकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. ‘एफटीओ’ हे जनुक युरोपीय लोकांत मुख्यतः वजन वाढवून मधुमेहाकडे नेतं. पुण्यातल्या रुग्णांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र त्याचा मधुमेहाशी असलेला संबंध केवळ वजनाने पूर्णपणे उलगडत नव्हता. जनुक तेच, पण त्याची वाट वेगळी.

मग दोष बियाण्याचा की जमिनीचा?

शेतकऱ्याला हा प्रश्न नवा नाही. दोन्हीचा, हेच त्याचं उत्तर असेल आणि शास्त्रही सध्या तेच म्हणतं. मधुमेहाचं एकच जनुक नाही. अनेक जनुकांचा थोडा थोडा हातभार असतो आणि गर्भातलं पोषण, बालपण, पुढचं खाणं व हालचाल यांचा वाटा त्यावर चढतो.

हा शरीरबांधा एका पिढीत बदलतही नाही. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये ब्रिटिशांच्या काळात भारतातून मजूर नेले गेले. त्यांच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या बाळांमध्येही हाच ‘थिन-फॅट’ बांधा आढळला आहे.

सहा गावांतली मुलं १८ वर्षांची झाली, तेव्हाचा निकाल डोळे उघडणारा होता. तपासलेल्या मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर सामान्य मर्यादेबाहेर होती. ही शहरात वाढलेली जाडजूड मुलं नव्हती. ग्रामीण, सरासरीने बारीक मुलं होती.

दुधनीचा याच्याशी काय संबंध?

हा अभ्यास दुधनीत झालेला नाही. पण ताट फार वेगळं नाही. भाकरी, डाळ, शेंगा, पालेभाजी हे चांगलं अन्न आहे. तरी त्यात एक गोष्ट नसते: ब-१२. हे जीवनसत्त्व वनस्पतीत तयार होत नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. शाकाहारी घरात दूध हाच मुख्य आधार. गोठ्यात जनावर असलं, तरी सकाळचं दूध संकलन केंद्रावर जातं आणि घरात उरतं ते चहापुरतं, ही गोष्ट गावाकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको.

ही कमतरता फक्त गरिबांचीही नाही. पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी झाली होती. त्यात ६७ टक्के पुरुषांत ब-१२ कमी होतं आणि सर्वाधिक प्रमाण शहरी मध्यमवर्गात होतं: ८१ टक्के.

गरज तरी किती असते? पुण्याच्या संशोधकांनी २०१२ मध्ये याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींवर ‘प्रिया’ नावाची चाचणी सुरू केली. त्यात ब-१२ चा रोजचा डोस होता दोन मायक्रोग्रॅम. वर्षभराचा सगळा डोस एकत्र केला, तरी त्याचं वजन मोहरीच्या एका दाण्याहून कमी भरेल. २०० मिलीलिटर गाईच्या दुधात साधारण एक मायक्रोग्रॅमच्या आसपास ब-१२ असतं.

ज्या मुलींना लग्नाआधीपासून ब-१२ मिळालं, त्यांच्या बाळांची दोन वर्षांच्या सुमारास बौद्धिक वाढ तुलनेने चांगली दिसली, असे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. या बाळांना पुढे मधुमेह कमी होईल का, हे कळायला ती मोठी व्हावी लागतील. या संशोधनाला घाई चालत नाही.

आईवर आणखी एक ओझं?

‘सगळं गर्भात ठरतं’ असं म्हटलं की बोट लगेच आईकडे वळतं. पण याच अभ्यासाने दुसरी बाजूही नोंदवली आहे. दूध, पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा खाणाऱ्या महिलांची बाळं मोठी होती. आणि गरोदरपणात शेतात व घरात जास्त कष्ट उपसणाऱ्या महिलांची बाळं लहान होती. ताटात शेवटी कोण बसतं, दूध कुणाच्या पेल्यात जातं, आठव्या महिन्यात पाण्याची घागर कोण उचलतं, हे एकटी आई ठरवत नाही. ते घर ठरवतं.

आता करायचं काय?

• *काट्यासोबत टेप घ्या.* कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि महिलांत ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर वजन कमी असूनही सावध व्हा. भारतीयांसाठी बीएमआयची जादा वजनाची रेषाही २५ नव्हे, २३ ला सुरू होते.

• *तिशी ओलांडली की साखर तपासा.* सरकारी आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, अथवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी चाचणी ६.५ किंवा जास्त असेल, तर मधुमेहाची शंका पक्की होते. त्रास नसेल तर चाचणी पुन्हा करून खात्री करतात.

• *जन्मवजन विसरू नका.* बाळ अडीच किलोपेक्षा हलकं जन्मलं असेल, तर त्याला ‘गुबगुबीत’ करण्याची घाई नको. पुढे त्याची साखर वेळेवर तपासा.

• *मुलींच्या ताटाकडे आधी बघा.* दिवस गेल्यावर धावपळ करण्याऐवजी शाळा-कॉलेजच्या वयातच दूध, दही किंवा अंडं रोजच्या खाण्यात असू द्या.

• *गरोदर महिलांनी लोह-फॉलिकची गोळी सुरूच ठेवावी* आणि ब-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावं. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी रुग्णालयांत मोफत तपासणी असते, तिथेही हा प्रश्न विचारता येईल.

• *मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल* तर वर्षानुवर्षं घेतल्याने ब-१२ कमी होऊ शकतं. हातापायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना सांगा. गोळी मनाने बंद करू नका आणि इंजेक्शनही मनाने घेऊ नका.

डेक्सा, एमआरआय किंवा जनुकांच्या महागड्या चाचण्या सामान्य माणसाने करून घ्यायची गरज नाही. ते काम संशोधनाचं होतं आणि सहा गावांतल्या कुटुंबांनी वर्षानुवर्षं वेळ आणि रक्त देऊन ते होऊ दिलं. त्यातून निघालेला धडा वापरायला एक टेप, एक रक्तचाचणी आणि घरातल्या मुलीसाठी दुधाचा एक पेला एवढं पुरेसं आहे. पुढच्या वेळी कुणी "वाळलाय, ह्याला कसली शुगर" म्हणालं, तर त्याला एवढंच सांगा: काट्याने वजन कळतं, पोत्यात काय आहे ते नाही.